गवा दिसला नाही, मग बघायचं काय? राधानगरीच्या जंगलातल्या किड्यामुंग्यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टी लागली की मुलांना आणि बरोबर येतील त्या पालकांना घेऊन राधानगरी, दाजीपूर, आंबा, मसाई पठार अशा ठिकाणी जाते. परतीच्या गाडीत कुणी ना कुणी हमखास म्हणतं, "बाई, आज कायच दिसलं नाही की." म्हणजे गवा दिसला नाही. त्या दिवशी आम्ही तासभर शेणाच्या एका पोभोवती उकिडवे बसलेलो असतो, वारुळावरून निघालेली मुंग्यांची रांग बघितलेली असते, ओढ्यातले दगड उलथून पालथे घातलेले असतात. तरीही "कायच नाही". या वाक्यामुळेच हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. प्रश्न मुलांचे, त्यांच्या आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे आणि दोन-चार ऊसकऱ्यांचेही आहेत.

आम्ही गवा बघायला येतो आणि तुम्ही किडे दाखवता. जंगलात किड्यांचं एवढं काय महत्त्व?

राधानगरीचं जंगल गव्यासाठीच राखलं गेलं, हे खरं. शाहू महाराजांच्या काळात हे शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली दाजीपूर गवा अभयारण्य झालं, पुढे वाढत वाढत ते ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत राधानगरीही आहे.

आता गव्याकडेच बघा. तो गवत आणि पाला खातो. ज्या झाडाझुडपांवर तो जगतो, त्यातल्या बहुतेकांना बी धरायला माशी, भुंगा, पतंग, मुंगी यांपैकी कुणीतरी लागतं. खाल्लेलं तो शेणातून टाकतो, आणि ते शेण मातीत नेणारे किडेच असतात. गवा मेला तर त्याचं कलेवर गिधाडं आणि कोल्ह्यांच्या आधी माश्या गाठतात. जन्मापासून मरणापर्यंत त्याचं घर किडेच चालवतात.

संख्येचंच बोलायचं तर आजवर दहा लाखांहून जास्त जातींच्या कीटकांना नावं दिली गेली आहेत. आपण ज्यांना 'प्राणी' म्हणतो त्या सस्तन प्राण्यांच्या जाती जगभर मिळून साडेसहा हजारांच्या आसपास भरतात. जंगलात जाऊन फक्त सस्तन प्राणी बघायचे म्हणजे लग्नाला जाऊन फक्त नवरदेवाचा घोडा बघून परत येण्यासारखं आहे.

शेणातले किडे काय करतात? मुलांना ते दाखवायची काय गरज?

गरज आहे, कारण यांच्याइतकं काम क्वचितच कुणी करत असेल. पावसाळ्यात ताज्या शेणावर हे काही मिनिटांत येतात. त्यांच्या तीन तऱ्हा असतात. काही जण शेणातच राहतात. काही शेणाखाली बोगदा खणून शेण खाली ओढतात. तिसरे शेणाचा गोळा करून तो मागच्या पायांनी, डोकं खाली घालून ढकलत लांब नेतात आणि पुरतात. त्या गोळ्यात मादी अंडं घालते, आणि अळीचं सगळं बालपण त्या अंधाऱ्या कोठारात जातं.

आपल्याला त्यातून काय मिळतं? शेण मुळांपर्यंत पोचतं. जमीन भुसभुशीत होते, पाणी आत मुरतं. शेणातून आलेल्या बिया पुरल्या जातात, त्यातल्या काही रुजतात. शेणावर वाढणाऱ्या माश्यांना आणि जनावरांच्या पोटातल्या जंतांच्या अंड्यांना जागा उरत नाही.

हे किडे नसले तर काय होतं, ते ऑस्ट्रेलियानं अनुभवलं आहे. तिथले शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. युरोपातून माणसं गायी घेऊन गेली, पण गायीचं पातळ शेण उचलणारे किडे तिथे नव्हते. पो महिनोन्महिने तसेच पडून राहू लागले, त्याखालचं गवत मरू लागलं, माश्यांनी माणसांना सळो की पळो करून सोडलं. शेवटी १९६० च्या दशकापासून तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं आफ्रिका आणि युरोपातून शेणकिडे आणून सोडले. आपल्याकडे हे काम फुकट होतंय म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही.

मुलांना सगळ्यात आवडते ती यांची दिशा ओळखायची रीत. आफ्रिकेतल्या एका जातीचा शेणकिडा रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून सरळ रेषा धरतो, हे २०१३ साली प्रयोगानं दाखवलं गेलं. हे सांगितल्यावर दाजीपूरच्या मुक्कामात एकही पोरगं वेळेवर झोपत नाही, सगळी अंगणात येऊन वर बघत बसतात.

एक गोष्ट गुरं पाळणाऱ्यांसाठी. जंतांवर दिली जाणारी आयव्हरमेक्टिनसारखी काही औषधं शेणातून बाहेर पडतात आणि त्या शेणातल्या किड्यांच्या अळ्यांना मारतात. औषध देऊ नका असं मी म्हणत नाही. पण सरसकट, वरचेवर देण्याऐवजी पशुवैद्यांना विचारून, गरज असेल तेव्हाच द्यावं. आणि औषध दिल्यावर काही दिवस जनावर रानात न सोडता गोठ्यात ठेवता आलं तर फार बरं.

वारुळात नाग राहतो ना? मग जवळ कसं जायचं?

वारूळ नागाचं नाही, वाळवीचं. नाग बीळ खणत नाही. वाळवीनं सोडलेल्या, पडक्या वारुळात आयती गारवा असलेली जागा मिळाली आणि तिथे उंदीर-बेडूक असले तर तो शिरतो. नागपंचमीला आपण वारूळ पुजतो. माझी आजी पूजा करताना हळद-कुंकू वाहायची, पण वारुळाला कुदळ लावू द्यायची नाही. नागासाठी पाळलेल्या त्या नेमानं वाळवी जपली गेली.

घरातलं लाकूड खाणारी वाळवी वेगळी आणि तिच्यामुळे सगळ्या वाळवीचं नाव खराब झालेलं. जंगलातली वाळवी वठलेली खोडं, पडक्या फांद्या, वाळका पाला फोडून मातीत घालते. आपल्या भागातल्या वारूळ करणाऱ्या वाळव्या तर शेतकरी आहेत. चावलेल्या पाल्याचे गड्डे करून त्यावर त्या बुरशी वाढवतात आणि ती खातात. लाकडातला जो कठीण भाग आपल्याला किंवा गव्याला पचत नाही, तो ती बुरशी फोडते. वारुळाची नळकांडी हवा खेळती ठेवतात आणि पाण्याला खाली जायला वाट करून देतात.

वाळवीवर जगणारे किती आहेत ते बघा. अस्वल वारूळ फोडून सोंडेसारख्या ओठांनी वाळवी ओढून घेतं. खवल्या मांजराचं सगळं पोट मुंग्या-वाळव्यांवरच चालतं. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते, तेव्हा कोतवाल, पाल, बेडूक, कोळी, वटवाघूळ, मुंगी, कोंबडी सगळ्यांची पंगत बसते. आमच्या गल्लीतल्या दिव्याखालीसुद्धा.

जवळ जायचं ते काठी न खुपसता, दोन हात लांबून.

अळंबी वारुळावरच का उगवते?

आत्ताच सांगितलेल्या त्या बुरशीचंच ते फळ. पावसाची ओल आत पोचली की वाळवीच्या शेतातून लांब मुळासारखा दांडा वर येतो आणि छत्री उघडते. म्हणून ही अळंबी धिंगरीसारखी खोलीत पिशव्या टांगून घेता येत नाही. वाळवी गेली की ती बुरशी जाते, आणि बुरशी गेली की आषाढातलं ते कालवणही गेलं.

ओळख पक्की असलेल्या माणसानं काढलेलीच अळंबी खावी. फोटो बघून ओळखायच्या फंदात पडू नये, विषारी छत्र्याही त्याच रानात उगवतात.

उंबराला फूल नसतं, मग फळ कसं येतं?

उंबराला फूल असतं, शेकड्यानं असतात. ती फळाच्या आत असतात. आपण ज्याला कच्चं उंबर म्हणतो तो खरं तर आत वळलेला फुलोरा. त्याच्या टोकाला एक अरुंद भोक असतं. त्यातून एक अगदी बारीक गांधीलमाशी आत घुसते. वाट इतकी चिंचोळी की तिचे पंख तिथेच तुटतात. आत गेल्यावर ती काही फुलांत अंडी घालते, अंगावरून आणलेले परागकण दुसऱ्या फुलांना लावते आणि तिथेच मरते. तिच्या पिलांतले नर बिनपंखांचे. ते मादीशी मिलन करतात, बाहेर पडायला बोगदा कोरून देतात आणि बाहेरचं जग न बघताच मरतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. उंबर फोडलं की भुर्रकन उडणारी केंबरं ती हीच, आणि त्यांच्यातल्या काही त्यांच्यावरच जगणाऱ्या फुकट्या जातीही.

वड, पिंपळ, उंबर, पायर या सगळ्यांची आपली आपली माशी ठरलेली असते. वडाची माशी उंबराला चालत नाही. ही माशी संपली तर झाड उभं राहील, पण बी धरणार नाही. आणि हे नुसतं त्या झाडापुरतं थांबत नाही. बाकीच्या रानात फळं नसतात अशा दिवसांतही कुठलं तरी उंबर नाहीतर वड पिकलेला असतो. धनेश, हरियाल, शेकरू, वटवाघळं, माकडं त्याच्यावर तग धरतात. औदुंबराखाली दत्ताला हात जोडतो तेव्हा मला हटकून त्या मुंगीपेक्षा लहान माशीची आठवण होते. नृसिंहवाडीला गेलं की एक गळलेलं उंबर उचलून मी मुलांना फोडून दाखवते.

आणि हो, उंबर खाताना आपण किडे खातो. आजवर कुणाला काही झालेलं नाही.

काजवे कधी बघायला मिळतात? फोटो काढले तर चालतात का?

मे महिन्याच्या शेवटापासून जूनचा पाऊस जोर धरेपर्यंत. वळीव चांगला झाला असेल आणि अंधारी रात्र असेल तर राधानगरीत झाडंच्या झाडं लुकलुकताना दिसतात.

काजव्याच्या पोटात एक द्रव्य हवेतल्या प्राणवायूशी मिळतं आणि त्यातून उजेड तयार होतो. त्यात उष्णता जवळजवळ नसते. नर उडत उडत खूण करतो, मादी खालून, गवतातून किंवा पानावरून उत्तर देते. प्रत्येक जातीची लुकलुकायची लय वेगळी असते. बहुतेक प्रौढ काजवे फार काही खात नाहीत आणि थोडेच आठवडे जगतात, त्यामुळे जोडीदार शोधायला त्यांच्याकडे वेळ फार थोडा असतो.

आता फोटोचं. मोबाइलचा दिवा, बॅटरी, गाडीचे हेडलाइट यांनी ती खूण पुसली जाते. तुम्ही पाच मिनिटं दिवा लावलात तर त्या झाडावरच्या काजव्यांची त्या रात्रीतली पाच मिनिटं गेली. शंभर गाड्या आल्या तर रात्रच गेली. मी मुलांना घेऊन जाते तेव्हा मोबाइल गाडीतच ठेवायला लावते आणि एकाच बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावून ती फक्त पायाखाली धरते. पाऊलवाट सोडून गवतात शिरायचं नाही, हा दुसरा नियम. माद्या खालीच असतात.

अजून एक गोष्ट सांगायची राहते. काजवा हा महिनाभराचा पाहुणा नाही. बाकीचे अनेक महिने तो अळीच्या रूपात ओलसर मातीत आणि पाल्यात असतो आणि गोगलगायी, शेंबड्या गोगलगायी खात असतो. तो काजव्यांचा खरा संसार. रिसॉर्टसाठी जमीन सपाट केली, पाला झाडून काढला, रात्रभर लॉनवर दिवे ठेवले, की पुढच्या वर्षी तिथे काजवा नाही. ज्यांना काजवे दाखवून पोट भरायचं आहे त्यांनी हे सगळ्यात आधी ध्यानात घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं.

मधमाश्या किती प्रकारच्या? मध काढणं वाईट का?

आपल्या भागात चार ओळखीच्या. उंच कड्याला नाहीतर मोठ्या झाडाला लोंबणारं आग्या मोहोळ. झाडाच्या ढोलीत अनेक पोळी करणारी सातेरी, हीच पेटीत पाळता येते. झुडपात छोटं एकच पोळं करणारी फुलोरी. आणि भिंतीच्या, खोडाच्या फटीत राळेच्या नळीचं दार करणारी, डंख नसलेली बारीक पोया. यांच्याशिवाय एकेकट्या राहणाऱ्या, बांबूत किंवा मातीत घर करणाऱ्या असंख्य माश्या आहेत. त्या मध साठवत नाहीत म्हणून त्यांची कुणी गणतीच करत नाही, पण परागीभवनात त्यांचाही वाटा मोठा आहे. लाकूड पोखरणारा तो काळा-निळा मोठा भुंगा त्यांच्यातलाच.

मध काढणं वाईट नाही, पोळं पिळणं वाईट. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं. तिथे सातेरीच्या पेट्या ठेवून, पिल्लांच्या घराला धक्का न लावता मध घेतला जातो. आग्याचं पोळं जाळून, अख्खं कापून, अळ्यांसकट पिळून काढलेला मध मी घेत नाही, कुणी देऊ केला तरी. रानातल्या जांभळाला, हिरड्याला, बेहड्याला येणारं फळ त्या माश्यांच्या हातात असतं.

कारवी फुलते ते वर्ष तर माश्यांची दिवाळी. सात वर्षांनी एकदा सगळी कारवी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. सात वर्षांची सगळी पुंजी त्या एका हंगामातल्या माश्यांवर लावलेली असते.

पन्हाळ्यावर किंवा गडावर आग्या मोहोळ उठलं तर काय करायचं?

पळायचं, सरळ आणि लांबवर. तोंड आणि डोळे ओढणीनं, टॉवेलनं झाकायचे. हात झाडायचे नाहीत, खाली बसायचं नाही. गाडी किंवा बंद खोली जवळ असेल तर आत. काटा अंगात राहिला असेल तर नखानं किंवा कार्डानं खरवडून लगेच काढायचा, कारण डंख मारल्यावर पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या माश्या तिथेच येतात. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली किंवा बऱ्याच माश्या चावल्या तर थेट दवाखाना.

मोहोळ आपणहून उठत नाही. धूर, दगड, फटाके, ड्रोन, उग्र अत्तर, यातलं काहीतरी झालेलं असतं. पोळ्याखाली चूल मांडून मटण शिजवणारे लोक मी स्वतः बघितले आहेत, आणि त्यानंतर काय झालं तेही.

डास आणि जळवांचाही उपयोग असतो का?

उपयोग हा शब्दच मला अडतो. कुणाला, हे विचारायला हवं. डासाच्या अळ्यांवर मासे, बेडूकमासे, चतुराच्या अळ्या जगतात. नर डास रक्त पीत नाही, फुलांतला रस पितो. जगात साडेतीन हजारांवर जातींचे डास आहेत, माणसाला रोग देणारे त्यातले मोजके. जंगलात झाडाच्या ढोलीतल्या पाण्यात एक मोठा डास वाढतो, त्याची अळी दुसऱ्या डासांच्या अळ्या खाते आणि मोठेपणी तो कुणाला चावत नाही.

जळवा चावतात, पण रोग देत नाहीत म्हटलं तरी चालेल. पावसाळ्यात दाजीपूरला त्या असणारच. मीठ टाकू नका, नख सरकवून अलगद सोडवा. रक्त गोठू न देणारं द्रव्य ती सोडते म्हणून थोडा वेळ वाहत राहतं. घाबरायचं कारण नाही.

गोचीड मात्र गंभीरपणे घ्या. लागूनच असलेल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले, आणि तो गोचिडीमार्फत पसरतो. जंगलातून आल्यावर अंग नीट बघायचं, कपडे गरम पाण्यात घालायचे, मेलेल्या माकडाजवळ जायचं नाही, आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगायचं.

आम्ही ऊसकरी. जंगलातल्या किड्यांचा आमच्याशी काय संबंध?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. २००२ साल आठवा. सांगलीकडून लोकरी मावा आला आणि बघता बघता आपल्या जिल्ह्यातल्या फडांत पसरला. पानाखाली कापूस चिकटवल्यासारखा पांढरा थर, वर चिकटा, चिकट्यावर काजळी. डोक्याच्या वर गेलेल्या उसात फवारणार कसं आणि कोण? माझे मामा रोज फडाच्या बांधावर उभे राहून नुसते बघायचे.

मावा आटोक्यात आला तो मुख्यतः किड्यांमुळे. कोनोबाथ्रा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा जाळीदार पंखांचा बारीक किडा हे दोघं मावा खातात. ज्या फडात ते दिसले तिथली पानं कापून लोक दुसऱ्या फडात नेऊन ठेवायचे. ज्यांनी घाईघाईनं जहाल औषधं मारली, त्यांच्याकडे माव्याबरोबर हे मित्रही मेले. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्ष घडलेली आहे, तरी वीस वर्षांत ती विसरली गेली याचं मला वाईट वाटतं.

पाचट पेटवू नका, असं सांगणाऱ्यांचं म्हणणंही इथेच येऊन मिळतं. पाचटाखाली कोळी, भक्षक भुंगेरे, गांडुळं, घोणी असतात. एका काडीत सगळे जातात. कांडेकिडीसाठी तुम्ही जी ट्रायकोकार्डं (किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या मित्रकीटकाची कार्डं) लावता, त्यातून निघणारा कीटक मिलिमीटरभरसुद्धा नसतो. त्याला जगायला बांधावर फुलं लागतात, म्हणून बांध कोरून कोरून वीतभर करू नये.

हुमणीबद्दल मी गोड बोलणार नाही, ती मुळं खाते आणि फड आडवा करते. वळवानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा ते गोळा करणं किंवा थोड्या वेळापुरता प्रकाश सापळा लावणं हा चांगला उपाय आहे. सापळा रात्रभर चालू ठेवला तर त्यात निरपराध किडेच जास्त सापडतात. नांगरामागून चालणारे बगळे, कावळे, साळुंक्या काय टिपतात ते बघा. आणि शेणखतातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. जमिनीवर ठेवल्यावर जी पाठीवर उताणी सरपटत जाते, ती फुलांवरच्या भुंगेऱ्याची. ती कुजकं खाऊन खतच करते.

ओढ्यातले दगड उलथून तुम्ही काय शोधता?

पाण्याची तब्येत. स्वच्छ, वाहत्या, प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यात दगडाखाली चपट्या, शेवटी तीन बारीक शेपट्या असलेल्या अळ्या सापडतात. काही अळ्या वाळूचे नाहीतर काड्यांचे कोष करून त्यात राहतात. दाजीपूरच्या ओढ्यात हे सगळे भेटतात. पाणी जसजसं घाण होतं तसतसे हे जातात आणि उरतात त्या तांबड्या अळ्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखंच तांबडं द्रव्य असतं, त्यामुळे प्राणवायू कमी असला तरी त्या तगतात.

एकदा मुलांनी भोगावतीच्या वरच्या ओढ्यात आणि मग शहराजवळ पंचगंगेत, असं दोन्हीकडे बघितलं. वहीत पहिल्या पानावर अकरा प्रकार, दुसऱ्या पानावर दोन. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी मिळून जी नदी होते, तिचं काय झालंय हे त्यांना वेगळं सांगायला लागलं नाही.

आणि पाणी हिवाळ्यातही ओढ्यात राहतं, त्यालाही किडेमकोडेच हातभार लावतात. घाटमाथ्यावर चार महिन्यांत हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. गांडुळं, वाळवी, मुंग्या, खेकडे यांच्या बिळांनी भोकं पडलेली जमीन त्यातला वाटा आत घेते आणि सावकाश सोडते.

सड्यावर नुसता कातळ असतो, तिथे कसले किडे?

मसाई पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात गुडघे टेकून बघा. माती इतकी पातळ आणि निकस की तिथल्या काही वनस्पती खतासाठी किडे खातात. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्यात चिलटं अडकतात. सीतेची आसवं ही जांभळी नाजूक फुलं, पण पाण्याखाली त्यांच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव ओढून घेतात. आणि त्याच फुलांना परागासाठी पुन्हा किडेच लागतात. त्या पठारावर गाडी घालणाऱ्यांना मी दर वर्षी थांबवते, दर वर्षी भांडणं होतात.

डोंगराला वणवा लावला की गवत चांगलं येतं म्हणतात. खरं का?

हिरवा कोंब लवकर दिसतो, कारण वाळकं गवत गेलेलं असतं. पण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये त्या गवतात फुलपाखरांचे कोष, नाकतोड्यांची अंडी, गोगलगायी, सरड्यांची पिल्लं असतात. वरची माती उघडी पडते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. दोन-तीन वर्षं सलग जळलेल्या डोंगरावर पावसाळ्यात पाखरांचा आवाज किती कमी असतो, ते एकदा ऐका.

किडे खरंच कमी झालेत का?

जर्मनीत राखीव क्षेत्रांतल्या ६३ ठिकाणी सत्तावीस वर्षं केलेल्या मोजणीत उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन तीन-चतुर्थांशाहून जास्त घटल्याचं २०१७ साली जाहीर झालं. तीही राखीव क्षेत्रं. माझ्या लहानपणी पहिल्या वळवाच्या संध्याकाळी जेवणाच्या ताटावर पाखरं पडतात म्हणून आई दिवा मालवून कंदील परातीत ठेवायची. आता खिडक्या उघड्या ठेवून जेवता येतं. चिमण्या कमी झाल्या म्हणून सगळे हळहळतात, पण चिमणीची पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत. त्यांना पहिले दिवस अळ्या आणि किडे लागतात.

महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू शहरात दिसतं का?

दिसतं. २०१५ साली नीलवंत, म्हणजे राणी पाकोळी, राज्य फुलपाखरू झालं. काळे मखमली पंख आणि त्यावर फिकट निळा पट्टा, ओळखायला सोपं. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. लहान असताना त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. परसातल्या लिंबावर तसलं काही दिसलं तर चिरडू नका. थोडी पानं जातील, झाड जात नाही.

सापडलेला किडा डबीत घालून घरी नेला तर?

अभयारण्यातून काहीही उचलून नेता येत नाही, मेलेलं फुलपाखरूसुद्धा. बघा, चित्र काढा, दगड उलथला असेल तर जसा होता तसा परत ठेवा. तो कुणाच्या तरी घराचं छप्पर असतो.

मुलांना आणायचं तर काय काय लागतं?

सहा वर्षांच्या पुढचं कुठलंही मूल चालतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पॅन्ट, मोज्यात खोचलेली. बूट जुने. पाण्याची बाटली, भाकरी-चटणी, वही-पेन्सिल, भिंग असेल तर भिंग. पावसाळ्यात टॉवेल आणि एक जादा मोज्यांची जोडी. सकाळी सहाला निघतो, म्हणजे आदल्या रात्री लवकर झोपवा. आणि गाडीत बसताना गवा दिसेल असं त्यांना सांगून आणू नका.